ठिगळ नको म्हणून

मी इस्त्रीवाल्या काकांच्या डाव्या मनगटातली पांढरी पेशी बोलतेय. घाबरू नका, चावत नाही. जंतू दिसला तर अख्खा गिळते, पण तुम्ही जंतू नाही असं धरून चालते.

माझा जन्म काकांच्या हाडात. तिथून रक्तात पडले आणि अंगभर हुंदडत होते, ना काम ना धंदा. अशात एका सकाळी काका फोटो काढायला निघाले आणि बाहीला चुणी दिसली. शर्ट काढायचा कंटाळा आला, म्हणून त्यांनी अंगावरच इस्त्री फिरवली. चुणी गेली. मनगटाचं कातडंही गेलं.

काकू म्हणाल्या, हात नळाखाली धरा. पण काकांचा विश्वास एकाच औषधावर, खळ. कॉलर मान टाकते, खळ. पडदा मरगळतो, खळ. भाजलं तरी खळच, आणि तीही चांगली थापून. जंतूंना काय, आयतं ताट वाढलेलं! भराभर पोरंबाळं झाली त्यांना, आणि वर आपल्याच अंगातून काढलेलं चिकट पांघरूण ओढून सगळं खटलं मजेत पसरलं.

आमच्यात निरोप रेणूंवरून येतात. वास आला की निघायचं. आधी पोचली आमची तापट भावंडं. पांघरुणावर तुटून पडली, विष ओकली आणि तिथंच मेली. तुम्ही पू बघून नाक मुरडता ना, तीच ती बिचारी. मग मी पोचले. भावंडांची ती दशा बघून माझं डोकंच फिरलं. दिसेल त्यावर विष ओकत सुटले. जंतू मरत होते, पण नवं कोवळं कातडंही जळत होतं. जखम काही मिटेना.

शेवटी काकूंनी काकांना दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरीणबाईंनी खळ धुतली, ते चिकट पांघरूण खरवडलं, मलम लावून पट्टी बांधली. म्हणाल्या, जखम आठवडाभरात भरताना दिसली नाही, तर मांडीचं कातडं काढून इथं लावावं लागेल.

"म्हणजे ठिगळ?" काकांचा आवाज चिरकला.

घरी येऊन काका चक्क रडले. ठिगळाचा कपडा ते दुकानात दर्शनी टांगत नसत, आणि आता अंगालाच ठिगळ! त्यातही पट्टीला चुणी पडलेली दिसली आणि ते डोळे पुसत इस्त्री तापवायला निघाले. काकूंनी इस्त्रीच पिठाच्या डब्यात लपवली.

आत जंतू संपत आले होते. समोर भावंडांचा ढीग. आपलं मेलेलं आपणच गिळायचं, ही आमची रीत. फार वाईट वाटलं, पण गिळलं. आणि काय सांगू, एकेकाला गिळलं तसा माझा राग उतरत गेला. विष आटलं. अंगातून वेगळेच रेणू पाझरायला लागले, दुरुस्तीचे. त्यांच्या वासानं विणणाऱ्या पेशी आल्या, त्यांनी धागे घातले, रक्तवाहिन्यांना फांद्या फुटल्या, कडेनं कातडं सरकत आलं. जन्माची भांडकुदळ मी, मुकादमीण झाले.

जखम मिटली. ठिगळाशिवाय. काकांनी डॉक्टरीणबाईंना वाकून नमस्कार केला. मला कोण विचारतंय! असू दे. आता थकले मी, मलाही कुणीतरी गिळेल.

पण जीव अडकलाय. घाईत विणलेल्या धाग्यांमुळे मनगटावर एक बारीक चुणी राहिली. आज सकाळपासून काका तिच्याकडे टक लावून बसलेत. आत्ताच त्यांनी तोंडात पाण्याचा घोट धरून तिच्यावर फुर्र केलं.

काकू, तुमच्या पाया पडते, तो पिठाचा डबा उघडू नका.