उतारावर बंद पडलेला टेम्पो

मित्रांनो, मी एक जुना पिकअप टेम्पो बोलतोय. माझं इंजिन आता थंड आहे आणि ते पुन्हा सुरू होणार नाही. पण गाडीचा बिघाड एकाएकी होत नसतो. गाडी आधी सांगते. मीही सांगत होतो, आणि घरातल्या प्रत्येकाला ते ऐकू येत होतं.

माझे मालक काशीरामकाका. वडील ज्या गिरणीत कामाला होते ती बंद पडल्यावर त्यांनी मुलुंडला मंडपाचा धंदा काढला. मी कारखान्यातून नवाकोरा त्यांच्या दारात आलो, तेव्हा सुगंधाकाकूंनी मला ओवाळलं होतं. बांबू, पडदे, खुर्च्या, सतरंज्या असं सगळं मी वाहिलं. कधी कुठल्या लग्नाला उशीर केला नाही. कुणी टेम्पो म्हटलं की काका म्हणायचे, "टेम्पो नाय, माझो थोरलो झील आसा तो." त्यांचा खरा मुलगा सौरभ यावर हसायचा.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या धुराचा रंग बदलला. तो पांढरा झाला आणि पांढराच राहिला. तापमानाचा काटा रोज थोडा वर जायचा. काकांनी मला दादू मेकॅनिककडे नेलं. त्याने ऑइलची पट्टी बाहेर काढली. तेल दुधाच्या चहासारखं झालं होतं.

"हेड गॅसकेट गेलंय, काशीराम. पाणी तेलात उतरतंय. इंजिन खोलावंच लागेल."

"आणि नाय खोललं तर?"

"तर एक दिवस चालता चालता बंद पडेल. उतारावर बंद पडला ना, तर ब्रेक दगड होतो. एक-दोनदा लागेल, मग पेडलवर उभा राहिलास तरी दबणार नाही."

घरी यावर बरेच दिवस बोलणं झालं. काकांना दुरुस्ती हवी होती. सौरभला नवी गाडी हवी होती. "म्हाताऱ्या गाडीत अजून किती जीव ओतणार, बाबा?" तो म्हणायचा. शेवटी त्यानेच मला विकायचा मार्ग काढला. बाजारात एक पावडर मिळते. ती रेडिएटरमध्ये टाकली की गळती काही काळ थांबते. पावडर पडली आणि माझा धूर थांबला. मला धुतलं, टायरना काळा रंग लावला. माझा आवाज पुन्हा गोड झाला. मित्रांनो, मला स्वतःच्या त्या आवाजाची भीती वाटू लागली.

काकूंनी विचारलं, "कोणाक विकतास?"

सौरभने टायरवर रंगाचा आणखी एक हात फिरवला.

रविवारी गोराईहून ऑल्विन आला. गावातल्या बायकांना भाजीच्या टोपल्यांसह बाजारात पोचवायला त्याला गाडी हवी होती. त्याची आई आणि दोन शेजारणीही आल्या होत्या. त्या तिघी हसत मागे चढून बसल्या.

"काका, आमच्या रस्त्याला चढउतार खूप," ऑल्विन म्हणाला. "त्या टेकडीवर नेऊन बघू ना?"

सौरभ काकांच्या कानाशी म्हणाला, "बाबा, तुम्ही फक्त बसून राहा."

काका ऑल्विनच्या शेजारी बसले. अर्ध्या चढावर माझ्या आत पावडरचा थर फुटला. पुन्हा पाणी झिरपू लागलं. ऑल्विन रस्त्याकडे बघत होता, काका काट्याकडे. काटा लाल रेषेला टेकला. आम्ही माथ्यावर पोचलो. समोर सरळ उतार होता आणि त्याच्या पायथ्याशी, एका सोसायटीच्या फाटकाजवळ, रिक्षांची रांग. मागून बायकांच्या गप्पा ऐकू येत होत्या.

माझं पुढचं चाक उताराला लागणार, एवढ्यात काकांनी हँडब्रेक ओढला.

"थांबव. सगळ्यांनी खाली उतरा."

"काय झालं?"

काकांनी सगळं सांगितलं. पांढरा धूर, दादूचं बोलणं, पावडर. ऑल्विनचा चेहरा उतरला. "माझी आई मागे बसलीय, काका. आणि तुम्ही इथे बसून बघत होता?"

काकांनी हात लांब करून चावी फिरवली आणि इंजिन बंद केलं. ऑल्विनची आई खाली उतरली आणि मुलाचा हात धरून चालू लागली.

माथ्यावर गाडी ठेवता येत नव्हती, मागून बस यायच्या. ऑल्विन जाता जाता मागे वळून म्हणाला, दुसरी गाडी बोलावून ओढून न्या. काका ऐकेनात. इंजिन थोडं निवल्यावर ते एकटेच स्टिअरिंगवर बसले. "ह्येचो स्वभाव माका ठाऊक आसा."

त्यांना तो ठाऊक नव्हता. मलाही नव्हता. अर्ध्या उतारावर त्यांनी क्लच दाबला आणि माझं इंजिन विझलं. काकांनी ब्रेक मारला, पुन्हा मारला, मग पेडल हललंच नाही; हँडब्रेकनेही मी थांबेना. स्टिअरिंग जड झालं. खाली रिक्षावाले ओरडत पळाले. काकांनी सगळी ताकद लावून मला डावीकडे, टेकडीच्या दगडी भिंतीवर घातलं. माझी बाजू भिंतीला घासत गेली, काच फुटली, आणि मी थांबलो. काकांचं मनगट मोडलं होतं.

दवाखान्यात सौरभ प्लास्टरकडे बघत राहिला. "मी सांगितलं म्हणून गप्प बसलात ना?"

"नाय रे. तोंड माझां होतां."

दादूने इंजिन उघडलं, तेव्हा ब्लॉकलाच, म्हणजे इंजिनच्या मुख्य सांगाड्यालाच, तडा गेलेला दिसला. एक दलाल मात्र तयार होता. "ठिगळ लावून काही महिने पळवतो," म्हणाला. काकांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. "तोडा त्येका," ते दादूला म्हणाले, "पण चालवूक कोणाक देव नका." मग त्यांनी डावा हात माझ्या बॉनेटवरून फिरवला.

आता मी भंगाराच्या आवारात उभा आहे. माझी चाकं काढून झाली आहेत, उद्या पत्रा कापतील. त्याचं मला दुःख नाही.

पण मित्रांनो, माझ्या शेजारी एक पिवळी व्हॅन उभी आहे. तिच्या तळाचा पत्रा गंजून जाळी झाला आहे. चाकांशिवाय मी जमिनीला टेकलोय, म्हणून तो मला खालून दिसतो; वरून कुणाला दिसत नाही. काल एक माणूस आला, त्याने गंजावर जाड रंग मारला आणि वर नवी रबरी चटई अंथरली. आज सकाळपासून तो तिच्या दोन्ही बाजूंना एका शाळेचं नाव रंगवतोय.

रंग वाळत आला आहे. गाडीत चढण्याआधी खाली वाकून बघा.