रेड्याची ताकद

फासा टेबलावरून घरंगळला आणि डिंकाच्या बादलीमागे गेला. वीस बाजूंचा, जांभळा, बोराएवढा फासा. अंजली गायकवाडने वाकून तो काढला, एप्रनला पुसला आणि सुभद्राबाईंच्या तळहातावर ठेवला.

"खाली पडलेला धरायचा नाही. पुन्हा टाका, मावशी."

"चौदा पडला व्हता की. म्या बघितला."

"तुम्ही बघितला. मी नाही बघितला. टाका."

सुभद्राबाईंनी फासा टाकला. सहा पडले. शेजारी बसलेली रुपाली तोंडावर ओढणी धरून हसायला लागली.

सकाळचे साडेदहा वाजले होते. चाकणजवळच्या खराबवाडीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मशिनं उभी होती आणि भर शिफ्टमध्ये तीन बायका फाशांचा खेळ खेळत होत्या. यात लपूनछपून काही नव्हतं. अंजलीच्या हिशेबी हे तपासणीचं काम होतं.

रविराज पॅकेजिंगमध्ये कुठलाही नवा माल लावायचा म्हणजे आधी एक नग पूर्ण तयार करायचा. तो अंजली तपासणार, त्याच्या पिवळ्या चिठ्ठीवर सही करणार, चिठ्ठी लाइनवर लटकणार आणि मगच बाकीचे नग सुटणार. आसपासच्या बहुतेक कारखान्यांत ही सही चहा पिता पिता होते. अंजलीने अकरा वर्षांत एकदाही तशी केली नव्हती. औषधाचा खोका आला की आतल्या कागदाची घडी ती उलगडून पुन्हा तशीच घालून बघायची, कारण म्हाताऱ्या माणसाला ती घालता आली पाहिजे. चपलांचा खोका आला की तो काखेत धरून शेडला एक फेरी मारायची. वस्तू जशी वापरायची तशी वापरून बघायची, ही तिच्या वडिलांची रीत. कोंडीराम गायकवाड आकुर्डीच्या दुचाकी कारखान्यात सव्वीस वर्षं मापाचं गेज हातात घेऊन उभे राहिले होते आणि साहेबाच्या तोंडाकडे बघून त्यांनी एकही दांडा पास केला नव्हता. अंजलीकडे त्यांच्याकडून आलेलं हे एवढंच होतं. मालक या रीतीची पाहुण्यांपुढे तारीफ करी आणि पाहुणे गेले की तिला नावं ठेवी.

या वेळी खोक्यात खेळ होता. नाव 'पहिली मोहीम'. मारुंजीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये बसणाऱ्या चारपाच जणांच्या कंपनीने तो काढला होता. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, काय करणार ते बोलून दाखवायचं आणि जमलं की नाही ते फाशाने ठरवायचं. खोक्यात बत्तीस पानांची पुस्तिका, सात फासे, एक नकाशा, माणसांची चार तयार पत्रकं आणि अ‍ॅपचा कोड छापलेलं एक कार्ड. झाकणावर सोनेरी अक्षरांत ओळ होती: 'तुम्हाला लागणारं सगळं या खोक्यात आहे. उघडा आणि खेळा.'

नग हातात आला तेव्हाच अंजलीचं मत ठरलं होतं. ही कमावत्या माणसांची भातुकली होती. आठवडाभर वरिष्ठांना मान डोलावणारे लोक रविवारी योद्धे होणार, तेही छापील पत्रकावर, नाव तेवढं स्वतःचं घालून. शौर्याचा आकडासुद्धा यांना तयार लागतो. तरीही माल तो माल. खेळ आहे म्हटल्यावर खेळून बघणं भाग होतं. तिने पॅकिंगच्या टेबलावरून दोघींना बोलावलं.

पत्रकं समोर टाकल्यावर रुपालीने न बघता योद्धा उचलला. सुभद्राबाईंनी चोर, वैदू अशी चारही चित्रं निरखली. बीडकडून नवऱ्याबरोबर इकडे आलेली ही बाई पंचावन्नच्या पुढची होती आणि निम्म्याहून जास्त आयुष्य तिने निरनिराळ्या पॅकिंग टेबलांवर उभ्याने काढलं होतं.

"मी चोर होते," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं झाली, रोज गेटवर झडती देते. एकदा तरी बघू की चोर होऊन."

अंजलीने पुस्तिका वाचायला घेतली. सुरुवातीला ती मशिनच्या सूचना वाचाव्यात तशी वाचत होती. एक गाव आहे. गावाची विहीर आटलेली नाही, पण तिच्या पायऱ्यांवर दगडाचा रेडा येऊन बसलाय आणि तो कुणाला खाली उतरू देत नाही. इथवर ठीक होतं. मग सुभद्राबाईंनी विचारलं की विहीर बंद आहे तर गाव पाणी कुठून पितंय. पुस्तिकेत याचं उत्तर नव्हतं. अंजलीने पानं उलटून बघितली, पुस्तिका लिहिणाऱ्यांनी आयुष्यात हंडा उचलला नसणार असं मनात म्हटलं आणि सांगून टाकलं की टँकर येतो, पण पाटलाच्या आळीतच रिकामा होतो. सुभद्राबाई लगेच म्हणाल्या की मग आधी टँकरवाल्याला गाठायचं, रेडा कुठं पळून जात नाही. रुपालीने तलवार बाजूला ठेवून टँकरवाल्याशी भांडण काढलं. शेजारच्या टेबलावरच्या बायका हात थांबवून ऐकायला लागल्या. अर्ध्या तासाने तिघी विहिरीच्या तोंडाशी पोहोचल्या तेव्हा अंजलीचा आवाज बदलला होता आणि ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

चौदाव्या पानावर रेडा उठून उभा राहिला. त्याखाली एक ओळ होती: 'रेड्याची ताकद अ‍ॅपमध्ये पाहा.'

अंजलीने पंधरावं पान बघितलं, शेवटचं बघितलं, नकाशाची मागची बाजू बघितली. फासा टाकायचा, त्यात आपल्या पत्रकावरचा जोर, अधिक असो की उणा, मिळवायचा, बेरीज रेड्याच्या ताकदीपेक्षा जास्त झाली तर रेडा बाजूला होणार. पण ती ताकद किती, ते खोक्यात कुठेच नव्हतं. पुढच्या पाचही संकटांना तीच ओळ. तिघींचे फोन गेटवरच्या कपाटात होते. कुणीतरी गिऱ्हाइकाच्या डिझाइनचा फोटो काढला म्हणून दोन वर्षांपासून शेडमध्ये फोन बंद होता. एरवी या फोनबंदीला अंजली रोज शिव्या द्यायची. आज तिच्यामुळेच खोक्यातलं भोक दिसलं होतं.

तिने पिवळी चिठ्ठी कोरीच ठेवली आणि मालकाला निरोप पाठवला: नग अपुरा आहे.

बाराच्या सुमारास मालक रविराज गिऱ्हाइकाला घेऊन आले. शनिवारी पुण्यात खेळांचं प्रदर्शन होतं, तिथे माल मांडायचा होता, म्हणून गिऱ्हाईक स्वतः धावत आलं होतं. निरंजन नावाचा तिशीच्या आतला तरुण. रविराज त्याला दर वाक्याला साहेब म्हणत होते. त्याच्याबरोबर स्वरूपा होती. खेळातली गोष्ट तिने लिहिली होती, पण ओळख करून देताना निरंजनने तिला 'कंटेंट बघते' एवढंच म्हटलं.

अंजलीने चौदावं पान उघडून पुढे धरलं आणि फोन नसला तर खेळ इथे थांबतो, असं सांगितलं. निरंजन छान हसला. लहान मुलाने शाळेत सूर्य हिरवा रंगवल्यावर बाई हसतात तसा.

"मॅडम, खोका म्हणजे फक्त एंट्री आहे. खरा अनुभव अ‍ॅपमध्ये. थांबा, दाखवतो."

त्याने खिशातून फोन काढला. गिऱ्हाइकाला फोनची मुभा होती. पत्र्याखाली रेंज येईना. तो फोन उंच धरून दाराकडे गेला, तिथे चाक फिरत राहिलं, तो आणखी दोन पावलं बाहेर उन्हात गेला. अ‍ॅपने त्याचा नंबर मागितला, मग जन्मतारीख, मग नवी आवृत्ती उतरवायला सांगितलं. आपल्याच खेळातल्या रेड्याची ताकद त्याला तोंडपाठ नव्हती. चार मिनिटांनी तो घाम पुसत आत आला आणि घरी वायफायवर सगळं व्यवस्थित चालतं असं म्हणाला. सुभद्राबाई टेबलाशी पत्रक हातात घेऊन उभ्याच होत्या. विहिरीच्या तोंडाशी.

अंजलीने तोडगा काढून ठेवला होता. पुस्तिकेच्या तावाची कापलेली पट्टी वाया जाते. तिच्यावर सहा संकटांचे सहा आकडे बसतात. संध्याकाळपर्यंत छापून प्रत्येक खोक्यात एकेक चिठ्ठी टाकता येईल, शनिवार चुकणार नाही. चूक कुणाकडूनही होते, असंही ती म्हणाली. आपल्या तोंडून एवढा मऊ सूर निघाला याचं तिलाच नवल वाटलं.

"चूक नाहीये ती," स्वरूपा म्हणाली. ती जमिनीकडे बघत होती. "आकडे होते पुस्तिकेत. आम्हीच काढले."

"का?"

"खेळवून बघितलं ना लोकांना. ते पुस्तिकेवरच खेळत बसले. अ‍ॅप कुणी उघडलंच नाही."

निरंजनने तिच्याकडे एकदा बघितलं आणि सूत्रं हातात घेतली. गुंतवणूकदाराला खोके किती खपले याच्याशी घेणंदेणं नसतं, अ‍ॅपवर माणसं किती आली हे तो बघतो. माणूस अडला की अ‍ॅपकडे येतो. अडण्याची जागा नीट विचार करून निवडलेली आहे. तो समजावत होता तसतसं अंजलीच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. सकाळपासून ती या लोकांना पोरकट समजत होती. ते पोरकट नव्हते. त्यांनी एक चांगली वस्तू बनवली, ती चालते हे डोळ्यांनी बघितलं आणि मग चालते म्हणून ती मोडली. तिच्या वडिलांनी भंगारात टाकलेल्या दांड्यांतसुद्धा मुद्दाम वाकवलेला दांडा कधी निघाला नव्हता.

"मग झाकणावरची ओळ झाका," ती म्हणाली. "बारकं स्टिकर लावू. 'फोन लागेल' एवढंच."

"त्याने सगळा इफेक्ट जाईल, मॅडम."

रविराज इतका वेळ दोघांच्या मध्ये हसत उभे होते. ते हसू त्यांनी आवरलं. "अंजली, तू रंग बघ, गोंद बघ, नग मोज. आतली कथा तपासायला ठेवलंय का तुला? सही कर, विषय संपव."

"आतली नाही, सर. झाकणावरची. ती आपण छापलीय."

"करतेस की नाही?"

"स्टिकर लागलं की करते."

रविराजांनी मान हलवली आणि टेबलाकडे वळून रुपालीला हाक मारली. रुपाली दोन वर्षांपूर्वी लागलेली, चुणचुणीत, शिकलेली. त्यांनी तिला विचारलं की तीही खेळत होती ना, मग खोक्यात यादीप्रमाणे सगळं आहे का. पुस्तिका, फासे, नकाशा, पत्रकं, कार्ड. रुपालीने अंजलीकडे बघितलं. अंजलीने मुद्दाम दुसरीकडे बघितलं, म्हणजे पोरीला जे बोलायचं ते बोलता यावं.

"यादीप्रमाणे आहे, सर," रुपाली म्हणाली.

"मग आजपासून चिठ्ठीवर तू सही करायची."

पेन तिच्या हातात आला, पण सही कुठल्या रकान्यात करायची ते तिला कळेना. अंजलीने चिठ्ठीवर बोट ठेवलं. "इथे. आणि खाली वेळ घाल. वेळ घातली नाही तर चिठ्ठी धरत नाहीत."

मशीन सुरू झालं. निरंजनने चालत्या लाइनचा व्हिडिओ काढला. जाता जाता स्वरूपा टेबलाशी घुटमळली, टँकरवाल्याची भानगड गोष्टीत कुठून आली असं तिला विचारायचं होतं, पण निरंजनने गाडी काढली आणि ती गेली.

उघडलेला नग बाजारात जाऊ नये म्हणून फाडायचा असतो. ते काम अजून अंजलीचंच होतं. तिने फासे मोजून सातही परत केले. पुस्तिका, नकाशा आणि पत्रकं कटरखाली धरली. चोराच्या पत्रकावर सुभद्राबाईंनी नावाच्या जागी पेन्सिलीने आपलं माहेरचं नाव लिहिलं होतं. अंजलीने ते वाचलं आणि पातं खाली ओढलं.

सोमवारी तिला चिकटवणीच्या टेबलावर बसवलं. रविराजांनी ते तिला स्वतः सांगितलं नाही; हजेरीच्या फळ्यावर नाव हलवलेलं दिसलं. रुपाली तपासणीचा निळा कोट घालून फिरत होती. कोट तिला मोठा होत होता, बाह्या दोनदा दुमडलेल्या होत्या. समोरून जाताना ती थबकली, 'ताई' म्हणाली आणि बाही सावरत पुढे गेली. अंजलीने तिच्यावर राग धरला नाही. तिचा सगळा राग आधीच दुसरीकडे लागला होता.

बल्बच्या खोक्यांचं काम होतं. सपाट कापलेले नग, वीसवीसचे गठ्ठे. सुभद्राबाई समोर बसल्या होत्या. दोघी डिंक लावत होत्या.

"अंजलीताई," सुभद्राबाई मान वर न करता म्हणाल्या, "त्या रेड्याची ताकद किती धरायची मग?"

"सतरा."

"कुणी सांगितलं?"

"काढली मी. चारही पत्रकांवर प्रत्येकाचा जोर दिलेला होता, चोराचा शून्य, वैदूचा उणे दोन. सोळा धरली तर योद्धा सहज जातो. अठरा धरली तर वैदू कधीच जात नाही. सतराच बसते."

सुभद्राबाईंनी यावर थोडा विचार केला. मग गठ्ठ्याची दोरी सोडली, डोळे मिटले, हात घालून नगांची एक चळत उचलली आणि अंजलीपुढे ठेवली.

"म्हंजे अठरा पायजेत. मोज."

अंजलीने अंगठ्याने कडा मोजल्या. अठरा होते. तीस वर्षं नग उचलणाऱ्या हाताला डोळे मिटूनही पाहिजे तेवढेच उचलता येतात, हे त्या शेडमध्ये तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने ते एकदा पुन्हा मोजले.

"रेडा बाजूला झाला," ती म्हणाली. "उतरा खाली, मावशी. पायरीला शेवाळ आहे, जपून."