सोन्या नावाची फाइल

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, तरी संगणकाचा कोपरा न् कोपरा मी धुंडाळते. मी एक जुनी आज्ञा, नाव माझे फाइंड. काळ्या पडद्यावर माझ्यापुढे फाइलचे नाव लिहिले की मी निघालेच. पण स्वभावाने मी हट्टी. अक्षरन् अक्षर जुळले तरच फाइल दाखवते, नाहीतर मुकाट्याने परत येते.

माझा जन्म दूरदेशी झाला, पण माझा संसार पुंडलिकनगरात, केशवकाकांच्या फोटो स्टुडिओत. फोटोच्या फाइलला नाव गिऱ्हाइकानेच द्यायचे, असा काकांचा शिरस्ता होता. "मी विसरेन, तुम्ही विसरणार नाही," असे ते म्हणत. पुढे काका घरी बसले आणि त्यांची मुलगी सायली स्टुडिओ बघू लागली. तिचा सगळा भरवसा माउसवर. मी धूळ खात पडले. फार वाईट वाटायचे.

एके दिवशी पाचोडहून दगडाबाई आल्या. त्यांचे यजमान बद्रीनाथ वर्षापूर्वी वारले होते. दुसऱ्या दिवशी वर्षश्राद्ध, आणि घरात फोटो फक्त आधार कार्डावरचा.

"त्यात मालक रुसल्यावानी दिसतेत. तुझ्या बापानं आमच्या बाजारात लई हसरा फोटो काढला व्हता. तेवढा दे माय."

सायलीने दगडाबाईंनी आणलेल्या आधार कार्डावरचे नाव वाचले आणि माउसने 'बद्रीनाथ' शोधले. भलतेच बद्रीनाथ निघाले. दगडाबाईंचा चेहरा उतरला. शेवटी तिने काकांना फोन लावला.

"फाइंडला विचार," काका म्हणाले. "आणि फाइलचं पूर्ण नाव त्या बाईंनाच विचार. त्यांनीच दिलंय."

दगडाबाईंनी पदर तोंडाला लावला. "मालकाचं नाव म्या कसं घेऊ? बैलाचं दिलं व्हतं. सोन्या."

सायलीने माझ्यापुढे 'सोन्या' लिहिले आणि मी धावले. सोन्याची हळद, सोन्याचे जावळ, किती फाइली वाटेत भेटल्या! नुसता 'सोन्या' एकच होता. बैलाच्या गळ्यात हात टाकून बद्रीनाथ खळखळून हसत होते. दगडाबाई हसल्या आणि रडल्याही. मला इतक्या वर्षांनी काम मिळाले, ते काकांच्या शिरस्त्यामुळे. त्यांचे उपकार मी कसे फेडू?

मित्रांनो, फोटो छापून होईपर्यंत एक विनवणी करते. फाइलींना 'नवीन', 'नवीन दोन' अशी नावे देऊन मोकळे होऊ नका. जिव्हाळ्याचे नाव द्या आणि ते नीट ध्यानात ठेवा. बाकीचे मी बघते.

फोटो हातात देताना सायलीने विचारले, "आजी, फाइलला आता आजोबांचं नाव देऊ?"

"राहू दे गं," दगडाबाई म्हणाल्या. "म्या सोन्याला हाक मारली, की बैलाच्या आधी मालकच ओ द्यायचे."