सासऱ्याची चूक कोण काढणार

देऊळघाटच्या साक्षरता वर्गात वामनराव बसले, ते शिकवायला घरचीच सून होती म्हणून. साठी उलटल्यावर परक्याची बोलणी कोण खाणार? हौस एकच होती, कुणाला न विचारता गाडीवरचं गाव वाचायचं आणि चिखलीला राखीकडे, आपल्या लेकीकडे, एकट्यानं जायचं.

वंदना डोक्यावर पदर घेऊन उभ्यानंच शिकवी. सासऱ्यासमोर खुर्चीवर बसायची त्या घरात रीत नव्हती. शेजारच्या रुक्मिणीबाईला ती रोज पाटी पुसायला लावी. वामनरावांच्या पाटीकडे मात्र ओझरतं बघून म्हणे, "बरोबर हाये, मामाजी." म्हातारा फुगून जायचा. आपल्या घराण्यात डोकं आहेच, हे त्यांचं स्वतःविषयी जुनंच मत.

एके सकाळी बुलढाण्याच्या स्टँडवर ते चिखलीची म्हणून एका गाडीत ऐटीत जाऊन बसले. तिकीट काढताना कंडक्टर म्हणाला, "बाबाजी, हे गाडी मलकापूरची हाये." लोक हसले. रुक्मिणीबाई तर परवाच मेहकरला एकटी जाऊन आली होती. चुका रोज तिच्या निघत होत्या, आपली एकही नाही. घरी परतताना वामनरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

संध्याकाळी त्यांनी पाटीवर मुद्दाम नुसत्या रेघोट्या ओढल्या.

"बरोबर हाये, मामाजी."

"काय बरोबर हाये व? म्या तं काहीच लिहिलं नाही."

वंदनाच्या डोळ्यांत पाणी आलं. "चार लोकांत सासऱ्याची चूक काढू कशी? लोक काय म्हनतीन?"

वामनरावांना राग आला, पण तिचा नव्हे. हा धाक आपल्याच घरानं तिला घातला होता आणि आपण तो खुशाल मिरवत होतो. त्यांनी खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"बस. सासरा मी घरी. इथं तू मास्तरीन. मले इथं मान नको देऊ, शिकव."

वंदना अवघडून टेकली. त्यांनी 'चिखली' लिहून पाटी पुढे केली. या खेपेला तिनं ती हातात घेऊन नीट पाहिली.

"चुकलं, मामाजी," ती हळूच म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "सगळंच चुकलं. पुसा."

त्यांनी पुसलं. वंदना खुर्चीवरून उतरून शेजारी बसली आणि खडू धरलेला त्यांचा हात धरून 'च' गिरवू लागली.

"उपकार झाले, माय," ते म्हणाले.