लेंड्यांची बिदागी

डिंगोरे गावच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची म्हटलं की तुकाबाई धनगरीण आधी रान न्याहाळायची. टोमॅटोखाली अंथरलेल्या मल्चिंगच्या प्लास्टिक कागदाच्या चिंध्या तिथं उडायच्या. त्याच खाऊन गेल्या साली तिची मेंढी फुगून मेली. यंदा तिची मेंढरं बसवून घेणाऱ्या सोमनाथचं रान मात्र लख्ख!

"लई उपकार झालं, भाऊ."

सोमनाथ ओशाळला. "पंचायत जुन्या कागदाला किलोमागं पैसं देती, म्हणून येचला. माझं कसलं पुण्य?"

"पैशापायी का हुईना, माझी मेंढरं वाचली न्हवं?"

सकाळी मेंढरांचा वाडा हलताना सोमनाथनं मेंढरं बसवल्याचे पैसे पुढं केले. तुकाबाईनं त्याचा हात मागं सारला.

"कागदाचं पंचायतीनं दिलं. ह्या लेंड्या माझ्याकडनं!"