एकोणपन्नास

परीक्षा परवावर आली आणि सरावाच्या सहाव्या पेपरातही माझं गणित बोंबललं. पदव्युत्तर प्रवेशाला साठ गुण हवेत. चौतिसाव्या वर्षी हा घाट मीच घातला, आता बोंबलायचं कुणाच्या नावानं? दवाखान्यात दिवसभर मी रक्तातल्या पेशी मोजते, एकही चुकत नाही. पण समोर घड्याळ लावलं की डोकं चालेनासं होतं.

आज चूक सापडली तेव्हा स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. घाईत मी पाढे पुटपुटते. सात सत्ते एकोणपन्नास म्हणते आणि हात लिहितो ५९. पन्नास म्हटलं की पाच, एकोण म्हटलं की नऊ! आता दोन दिवसांत हा हात कसा सुधारू?

"किती पडले गं?" बाबांनी स्वयंपाकघरातून विचारलं. माझे गुण ते तिथल्या कॅलेंडरवर लिहून ठेवतात.

"एकोणपन्नास!" मी रडकुंडीला येऊन ओरडले.

"अगं वेडे, मग रडतेस कशाला? एकच तर कमी पडलाय!"

मी धावत जाऊन पाहिलं. आजच्या तारखेखाली त्यांनी ठसठशीत ५९ लिहिले होते.

मला पाढे त्यांनीच शिकवले होते.