दारवाल्यांची जमीन

किल्ली हातात पडली आणि मी चर्चमध्ये शिरून आतून कडी लावून घेतली. बाबा बाहेरून दार वाजवत राहिले. "मालकीणबाई, मोजमाप घ्यायला आलोय, चोरी करायला नाही."

मी उघडलं नाही. बावीस वर्षं त्यांच्या हाताखाली करवत चालवली, पण माझ्या नावावर मिळालेलं काम हे पहिलं. पहिली पंधरा मिनिटं मला ती जागा एकटीला हवी होती.

काय जागा होती. छत दोन मजल्यांइतकं उंच, दोन्ही भिंतींना टोकदार खिडक्या. रंगीत काचा चर्चची मंडळी नव्या इमारतीत घेऊन गेली होती, आता साध्या काचांतून ऊन सरळ आत पडत होतं आणि त्यात शंभर वर्षांची धूळ मजेत तरंगत होती. समोरच्या भिंतीवर काढून नेलेल्या क्रुसाचा फिकट ठसा. मधोमध अठ्ठावीस बाक. मी एका बाकाला नखाने ओरखडून बघितलं. नख मोडलं, लाकडाला काही झालं नाही. मला इतका आनंद झाला की तोंडातून एक सणसणीत शिवी गेली, आणि ती छताला लागून माझ्याच कानात परत आली. मी जीभ चावली आणि दार उघडलं.

"झालं दर्शन?" बाबा म्हणाले.

"झालं. लाकूड बघा. आणि बोलू नका, रडू येईल तुम्हाला."

त्यांनी बाकावर हात फिरवला आणि खरंच बोलले नाहीत.

या चर्चमध्ये आता नाच शिकवला जाणार होता. शिकवणाऱ्या बाईंना सगळे गिरकीबाई म्हणतात, तोंडावरसुद्धा. अकरा वर्षं त्यांनी एका गोदामात, सिमेंटच्या जमिनीवर वर्ग घेतला. सिमेंट कुणाचं उसनं ठेवत नाही. जितक्या जोरात आपटाल तितकं ते गुडघ्यात परत देतं. बाईंच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलून झाल्यात, तरी त्या थांबत नाहीत. त्यांना हवी होती उडी झेलणारी जमीन. मी त्यांना कागदावर काढून दाखवली होती: खाली जुनी दगडी जमीन, तिच्यावर रबराचे ठोकळे, ठोकळ्यांवर आडवे वासे, आणि वाशांवर या बाकांच्या फळ्या. माणूस उडी मारून खाली आला की सगळी जमीन केसभर खाली जाणार आणि त्याला वर देणार.

हे ज्याला खटकलं तो फरशीवाला. भिंती, वायरिंग, संडास ही कामं त्याच्याकडेच होती, जमीनही त्यालाच हवी होती. पहिल्याच दिवशी तो आला आणि माझ्याकडे न बघता बाबांशी बोलायला लागला.

"मिस्त्री, पोरीची हौस म्हणून एखादं कपाट करू द्या. ही अठ्ठेचाळीस फुटांची जमीन आहे. मी आठ दिवसांत सिमेंट ओतून फरशी बसवून देतो."

बाबा गप्प. चाळीस वर्षं ठेकेदारांपुढे गप्प राहून त्यांच्या जबड्याला तशी सवयच झाली आहे.

"साहेब," मी म्हटलं, "पोर इथेच उभी आहे. तिला कान आहेत. आणि तिच्या हातात करवत आहे."

गिरकीबाई मागच्या बाकावर बसून हे ऐकत होत्या. त्या उठल्या आणि आमच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या.

"भांडू नका. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी चार वाजता मी सगळा वर्ग घेऊन येते. नाचून बघू. उडी नीट बसली तर लाकूड राहील. नाही बसली, किंवा एकाच्याही पायाला लागलं, तर सोमवारी सगळं उखडायचं आणि फरशी." हे त्या माझ्या डोळ्यांत बघून बोलल्या, बाबांच्या नाही. "कबूल?"

"कबूल," मी म्हटलं.

कामाला असा हात लागला की विचारू नका. बाकांचे स्क्रू गंजून लाकडाचेच झाले होते. एकेक काढताना तो किंचाळायचा, आणि चर्च ती किंचाळी तीनदा परत द्यायचं. मी गाणी म्हणायचे, भसाड्या आवाजात, कारण त्या छताखाली भसाडा आवाजही सुरेल होऊन परत यायचा. "आवाजावर रंधा मारून देतंय हे चर्च," बाबा म्हणाले. तीन आठवड्यांत दगडी जमीन घासून झाली, रबराचे ठोकळे चिकटले, त्यांवर वासे सरसाने पक्के बसले. वाशांमध्ये आठ गाळे पडले. आता एका गाळ्यात मावेल एवढ्या लांबीची फळी कापायची, तिची दोन्ही टोकं वाशांवर बसवायची, पुढची फळी तिला भिडवायची. एवढंच.

कापायची मोठी मशीन एका ओळखीच्या कारखान्यात एकाच दिवसासाठी मिळाली. बाबा चर्चमधून माप सांगत होते, मी फोन कानाला लावून तिकडे फळ्या कापत होते. त्या दिवशी मला कुणी राणी म्हटलं असतं तर मी "बरोबर" म्हणाले असते. संध्याकाळी ट्रकभर फळ्या घेऊन आले, एकासारखी एक, टोकं साबणासारखी गुळगुळीत.

गुरुवारी सकाळी पहिल्या दोन गाळ्यांतल्या फळ्या मांडल्या. मांडून झाल्यावर मी मागे सरकून बघितलं.

दोन फळ्यांच्या टोकांमध्ये इंचभर फट होती. प्रत्येक ठिकाणी. अंगठा आरामात आत जाईल एवढी.

"बाबा, तुम्ही माप किती सांगितलंत?"

"जे होतं ते."

"होतं ते, की कमी करून?"

ते थांबले. कानामागची पेन्सिल काढून बघत बसले, जणू तीच उत्तर देणार होती. "चार सूत कमी करून," ते हळूच म्हणाले. "सवयीने."

आमच्या धंद्यात आठ सूत म्हणजे एक इंच. आणि आमचा धंदा दारांचा. आजोबा दारं करायचे, बाबा दारं करतात, मी दारं करते. दार चौकटीच्या मापाचं केलं तर अडकतं, आणि अडकलेल्या दारासाठी लोक सुताराचा बाप काढतात. म्हणून चार सूत कमी करायचे. ते कमी करण्याचं काम नेहमी उस्तादाचं. इतकी वर्षं मी माप घ्यायचे आणि जसंच्या तसं सांगायचे, बाबा कापताना चार सूत गिळायचे. या वेळी उस्ताद मी होते. म्हणून मी कापताना चार सूत कमी केले, मोठ्या तोऱ्यात. आणि बाबांनी सांगतानाच चार कमी केले होते, कारण चाळीस वर्षांचा उस्ताद एका महिन्यात हेल्पर होत नाही. चार आणि चार आठ. त्यात जमिनीला मुळात काहीच कमी करायचं नसतं, फळीला फळी भिडवायची असते. हे दोघांनाही माहीत होतं. पण आमचे हात दारांचे.

"मी उस्ताद आहे हे तुम्हाला सहन झालं नाही," मी म्हटलं. मला बोलायचं नव्हतं, पण बोलले.

"आणि तुला एकदा विचारावंसं वाटलं नाही," ते म्हणाले.

दोन्ही खरं होतं.

वासे हलवायचे तर ते रबरासकट उखडावे लागले असते, आणखी पंधरा दिवस. लाकूड आणखी नव्हतं. परवाच तो शनिवार, मधे फक्त शुक्रवार.

"भुसा आणि सरस कालवून भरून टाकू," बाबा म्हणाले. "वरून रंधा मारला की देवालासुद्धा दिसणार नाही."

"देव नव्या इमारतीत गेलाय, बाबा. इथे तीस माणसं अनवाणी नाचणार आहेत. ही जमीन हलते. महिनाभरात तो भुसा निघून येईल आणि कुणाचा तरी अंगठा फाटेल. मी भुसा भरणार नाही."

"मग काय भरणार, कपाळ?"

तेवढ्यात दारातून आवाज आला. "कुणी वारलंय का? तोंडं तशी दिसतात."

एक म्हातारी आजी काठी टेकत आत आली. ती याच चर्चच्या मंडळींपैकी. पन्नास वर्षं तिसऱ्या बाकावर बसायची, आणि बाकाचं काय केलं ते बघायला आली होती. मी तिला फळ्या दाखवल्या. वाटलं, आता ही शिव्या देणार. ती वाकून बघत राहिली.

"नव्या ठिकाणी खुर्च्या आहेत," ती म्हणाली. "गादीच्या. प्रवचनात झोप फार छान लागते." मग तिने फटीकडे काठी केली. "हे असंच ठेवणार?"

मी सगळं सांगितलं. न लपवता, आमच्या भांडणासकट. आजी हसली, इतकी की छतही तिच्याबरोबर हसलं.

"गुडघ्याच्या फळ्या कुठे टाकल्या?" तिने विचारलं.

बाकांच्या पुढे खाली एकेक अरुंद फळी असायची, प्रार्थनेला गुडघे टेकायची. त्या मधोमध झिजून खोलगट झाल्या होत्या म्हणून आम्ही घंटेच्या खोलीत रचून ठेवल्या होत्या. कामाच्या नाहीत म्हणून.

"त्या बाकांपेक्षाही कडक लाकडाच्या आहेत," आजी म्हणाली. "माझे दोन्ही गुडघे त्यांनीच खाल्ले. वसूल करा."

मी आणि बाबांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघंही घंटेच्या खोलीकडे पळालो. बाबा सत्तरीला आलेत, पण त्या दिवशी माझ्या पुढे होते.

त्या फळ्या काळपट, लोखंडासारख्या. झिजलेली बाजू रंध्याने सपाट करायची, उभ्या चिरून त्यांच्या इंचभर रुंद पट्ट्या काढायच्या आणि प्रत्येक वाशावर, फटीत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ठोकून बसवायच्या. सात फटी, चोवीस फूट रुंदी. मी कापायला बसले आणि बाबा माप घ्यायला उभे राहिले.

"उस्ताद," ते म्हणाले, आणि या वेळी टोमणा नव्हता, "जसंच्या तसं सांगतोय. एक सूतही गिळलेलं नाही."

"मीही गिळणार नाही. उपाशी मरू."

पहिली पट्टी फटीत अशी बसली की हातोडीच्या दोन ठोक्यांत खट्ट आवाज आला आणि गप्प झाली. नख घालून बघितलं, नख जाईना. मग आम्ही थांबलो नाही. गुरुवार गेला, शुक्रवार गेला, शनिवारी दुपारी दोनला मी शेवटचा स्क्रू आवळला आणि रंधा फिरवला. फिकट जमिनीवर सात काळ्या रेघा, आखल्यासारख्या सरळ. सुंदर होत्या की नाही, मला तेव्हा ठरवता आलं नाही. मला फक्त चार वाजायला हवे होते.

चारला वर्ग आला. नऊ वर्षांच्या मुलीपासून साठीच्या आजोबांपर्यंत तीस जण. फरशीवालाही आला, बुटांसकट.

"बूट काढा," मी म्हटलं.

"मी नाचायला आलेलो नाही."

"मग बाहेरून बघा."

त्याने काढले. मोज्याला भोक होतं. ते मी बघितलं, हे त्याने बघितलं.

"हे काळे पट्टे कागदावर नव्हते," गिरकीबाई म्हणाल्या.

"नव्हते. बाई, आधी ऐका, मग नाचा. फळ्या इंचभर आखूड कापल्या गेल्या. चूक माझी."

"आमची," बाबा मागून म्हणाले. ठेकेदारापुढे त्यांच्या तोंडून शब्द निघाला, एवढंही मला त्या दिवशी पुष्कळ होतं.

फरशीवाला हसला. "सांगितलं होतं की नाही? थिगळं लावलीत."

बाईंनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. त्या खाली बसल्या, गुडघ्यांमुळे हळूहळू, आणि पहिल्या पट्टीवरून तळवा फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत गेल्या. मग दुसरी. सातही. मग त्या उठल्या, मधोमध आल्या, थेट एका काळ्या पट्टीवर उभ्या राहिल्या आणि डॉक्टरने जे करू नका म्हणून बजावलं होतं ते त्यांनी केलं. उडी मारली.

आवाज आला धम्म, पण मऊ, मोठ्या ढोलाला तळव्याने थाप मारावी तसा. जमीन केसभर खाली गेली आणि वर आली. माझ्या तळव्यांना ते कळलं, वीस फुटांवर उभी असताना. बाई तशाच उभ्या. मग आणखी एक उडी. मग आणखी एक, उंच.

"दुखलं नाही," त्या म्हणाल्या. मला उद्देशून नाही, कुणालाच उद्देशून नाही. स्वतःला सांगत होत्या.

मग त्या वर्गाकडे वळल्या. "बघताय काय? या. रेघांवर उभे राहा, आयत्या आखून दिल्यात."

तीस माणसं आत आली आणि एका टाळीवर तीस उड्या पडल्या. देवाशप्पथ सांगते, खिडक्यांच्या काचा थरथरल्या. छताने तो आवाज उचलला आणि आमच्या डोक्यावर ओतला. ती नऊ वर्षांची मुलगी गिरक्या घेत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली, सातही पट्ट्या ओलांडून, आणि तिचा पाय कुठे अडला नाही. मी तिचाच पाय बघत होते, श्वास धरून. पोचल्यावर तिने तळवे उलटे करून बघितले आणि पुन्हा सुटली.

तासाभराने बाई घामाघूम होऊन दाराशी आल्या. "साहेब," त्या फरशीवाल्याला म्हणाल्या, "तुमचं सिमेंट संडासाला लागेल. तिकडे मनसोक्त ओता." आणि मला म्हणाल्या, "सोमवारी वर्ग."

"सोमवारी नाही," मी म्हटलं. "अजून तेल लावायचंय. तीन हात. पाच दिवस इथे कुणी पाय ठेवायचा नाही. आत्ताही नाही. चला, बाहेर व्हा सगळे."

कुणी हललं नाही. मी पुन्हा ओरडले, छतानेही माझ्या बाजूने ओरडून बघितलं. मधोमध साठीच्या आजोबांच्या शेजारी आणखी एक म्हातारा पँट वर दुमडून, जिभेचं टोक दातांत धरून, दोन्ही पायांवर उड्या मारत होता. ते बाबा होते.

"बाबा, निदान तुम्ही तरी."

"एक मिनिट, उस्ताद," ते उडी मारता मारता म्हणाले. "हा गाळा तपासून घेतो."